कारकीर्द संपली हे कोण ठरवतं? रीका नीमिनेन-व्हॅलिला आणि चरित्रातली रिकामी वर्षं

समजा, तुम्ही खेळाच्या इतिहासावर पीएचडीचा प्रस्ताव लिहिताय आणि त्यात एका खेळाडूची कारकीर्द 'केस स्टडी' म्हणून घ्यायची आहे. गाईड पहिला प्रश्न विचारतील: कालखंड कोणता? तुम्ही हातासरशी उत्तर द्याल, पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत. ऐकायला हे सरळ वाटतं. पण घोडं इथेच पेंड खातं, आणि ते कसं हे दाखवायला मी आज फिनलंडची एक आईस हॉकी खेळाडू घेणार आहे. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, आणि ते एका अर्थाने बरंच आहे. सचिन किंवा पी. टी. उषा घेतले की आपण आधीच ठरवलेलं पुन्हा लिहून काढतो. अनोळखी माणूस घेतला की प्रत्येक वाक्याला पुरावा शोधावा लागतो.

तिचं नाव रीका. जन्म १२ जून १९७३, गाव युवास्कुला, मध्य फिनलंडमधलं. आडनावाकडे नंतर येतो, कारण ती वेगळी भानगड आहे.

आधी कॅलेंडर बघू. फिनलंडमध्ये महिलांची राष्ट्रीय हॉकी मालिका सुरू झाली १९८२-८३ च्या हंगामात. तेव्हा रीका नऊ वर्षांची होती. महिलांची पहिली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा १९८९ ला, पश्चिम जर्मनीत झाली. फिनलंडने ती जिंकली. पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा १९९० मध्ये, कॅनडात ओटावाला झाली. ऑलिंपिकमध्ये महिलांची हॉकी घ्यायचं ठरलं १९९२ ला आणि ती प्रत्यक्ष खेळली गेली १९९८ ला, जपानमधल्या नागानोत. म्हणजे ही मुलगी हॉकी शिकत होती तेव्हा तिला पोहोचायचं ते ठिकाणच अस्तित्वात नव्हतं. पुरुषांच्या हॉकीत एखादा मुलगा मोठा होतो तेव्हा लीग, राष्ट्रीय संघ, ऑलिंपिक, अमेरिकेतला पैसा अशी शिडी उभी असते आणि तो ती चढतो. इथे शिडी आणि चढणारी एकाच वेळी वाढत होत्या.

हे मी मुद्दाम आधी सांगतोय. आपण चरित्रात्मक संशोधन करतो तेव्हा संस्था स्थिर आणि माणूस हलता असं गृहीत धरतो. 'अमुक वर्षी तिने राष्ट्रीय संघात प्रवेश केला' हे वाक्य लिहिताना राष्ट्रीय संघ कधीपासूनचा आहे हे विचारायचं राहून जातं. रीकाच्या बाबतीत ते विचारलं नाही तर तिचं लवकर चमकणं नुसतं प्रतिभेचं वाटतं. प्रतिभा होतीच. पण क्षेत्र इतकं नवं होतं की वीस वर्षांची मुलगी तिथे ज्येष्ठ ठरू शकत होती.

आणि ती खरंच वीस वर्षांची असताना, १९९४ च्या लेक प्लॅसिड इथल्या जागतिक स्पर्धेत, सर्वोत्कृष्ट फॉरवर्ड ठरली. १९९२ ला टॅम्परे, १९९४ ला लेक प्लॅसिड, १९९७ ला किचनर, तिन्ही जागतिक स्पर्धांमध्ये फिनलंडला कांस्य मिळालं. महिलांच्या हॉकीचा त्या काळातला नकाशा असा होता: वर कॅनडा आणि अमेरिका, खाली बाकीचं जग, आणि मधल्या पायरीवर फिनलंड. मधली पायरी ही फार विचित्र जागा असते. खालच्यांना तुम्ही अकरा-अकरा गोलांनी हरवता आणि वरच्यांपुढे तुमचा घाम निघतो. हे ध्यानात ठेवा, आकड्यांपाशी ते उपयोगी पडेल.

बाकी ती फक्त हॉकीची नव्हती. पेसापाल्लो हा फिनलंडचा स्वतःचा बॅट-बॉलचा खेळ (लाउरी पिहकाला नावाच्या गृहस्थांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसबॉलवरून तो घडवला) आणि बँडी, म्हणजे बर्फाच्या मोठ्या मैदानावर चेंडूने खेळायची हॉकी, हेही ती खेळली. आता विचार करा: तिची 'कारकीर्द' म्हणजे या तिन्हींची बेरीज की फक्त ती, जिला ऑलिंपिकचं पदक मिळालं? चरित्रकोश दुसरं उत्तर देतात. कारण कोश खेळागणिक बनतात, माणसागणिक नाही.

आता आडनाव. १९९८ च्या नोंदींमध्ये ती रीका नीमिनेन आहे. लग्नानंतरच्या नोंदींत रीका व्हॅलिला. आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाच्या हॉल ऑफ फेममध्ये ती नीमिनेन-व्हॅलिला म्हणून आहे. फिनलंडच्या महिला लीगमध्ये वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला जो पुरस्कार देतात, तो रीका नीमिनेनच्या नावाचा. एकच बाई, तीन रूपं. त्यात फिनिश 'व्हॅलिला' लिहिताना रोमन 'ए' वर दोन टिंबं येतात, ती काही इंग्रजी डेटाबेसमध्ये गळून पडतात. म्हणजे शोधपेटीत टाकायची रूपं आणखी वाढली.

तुम्हाला हे किरकोळ वाटत असेल तर २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकचा फिनलंडचा संघ बघा. त्यात नीमिनेन नावाची खेळाडू आहे, पण ती पेत्रा नीमिनेन, १९९९ ची. त्यात लिंडा व्हॅलिमाकी आहे. आणि रीका व्हॅलिलाही आहे. कांस्यपदकाच्या सामन्यात फिनलंडचे तीन गोल केले नीमिनेन, तापानी आणि व्हॅलिमाकी यांनी. नुसतं आडनाव बघून 'नीमिनेनने वीस वर्षांनी पुन्हा गोल केला' असं कुणी लिहिलं तर ते वाक्य वाचायला झकास आणि पूर्ण खोटं असेल. नीमिनेन हे फिनलंडमधलं अगदी सर्रास आढळणारं आडनाव आहे, आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं. ओळखीचं आडनाव दिसलं की आपण थांबतो, जन्मसाल तपासत नाही.

हा काही फिनलंडचा खास प्रॉब्लेम नाही. मराठी साहित्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो: बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालती बेडेकर या तीन लेखिका नाहीत. खेळात बघायचं तर मुंबईची मेरी डिसूझा घ्या. मूळ गोव्याचं कुटुंब, वाढली वांद्र्यात. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ती १०० आणि २०० मीटर धावली, भारताकडून मैदानी हॉकीही खेळली, आणि नंतरच्या नोंदींत ती मेरी डिसूझा सिक्वेरा आहे. ते ऑलिंपिक योगायोगाने हेलसिंकीलाच होतं. दोन खेळ, दोन आडनावं, आणि त्यामुळे दोन अर्धवट फायली. पुरुष खेळाडूवर काम करणाऱ्याला हा व्यायाम करावाच लागत नाही. त्यामुळे स्त्रियांच्या इतिहासात 'पुरावे कमी आहेत' असं लिहिण्यापूर्वी, पुरावे दुसऱ्या नावाखाली तर पडलेले नाहीत ना, हे बघा. माझ्या मते निम्म्या वेळा ते तिथेच असतात.

आता नागानो. फेब्रुवारी १९९८, महिलांच्या हॉकीचं पहिलं ऑलिंपिक, सहा संघ. रीकाने सात गोल केले आणि पाच गोलांना मदत केली, म्हणजे एकूण १२ गुण, स्पर्धेत सर्वाधिक. कॅनडाच्या डॅनिएल गोएटने गोल जास्त केले, आठ, पण गुणांच्या यादीत रीका वर. फिनलंडला कांस्य मिळालं, चीनला ४-१ असं हरवून.

इथे थांबा आणि आकडा नीट वाचा. 'पहिल्या ऑलिंपिकची सर्वाधिक गुण मिळवणारी खेळाडू' हे वाक्य खरं आहे. पण फिनलंडचे सामने एकापाठोपाठ मांडून बघा: स्वीडनवर ६-०, जपानवर ११-१, अमेरिकेकडून २-४ हार, कॅनडाकडून २-४ हार, चीनवर ६-१, आणि कांस्यासाठी पुन्हा चीनवर ४-१. सहा सामन्यांत ३१ गोल. त्यातले अमेरिका आणि कॅनडाविरुद्ध मिळून फक्त चार. म्हणजे २७ गोल खालच्या पायरीवरच्या संघांविरुद्ध. मधल्या पायरीचा मुद्दा मी म्हणत होतो तो हा.

मग रीकाचे १२ गुण 'फुगवलेले' आहेत का? घाईचा संशोधक हो म्हणेल आणि स्वतःवर खूश होईल. पण कॅनडा आणि अमेरिकाही जपान-चीनशी खेळलेच होते. त्यांच्याकडे गोल करणाऱ्या अनेक जणी होत्या, त्यामुळे गुण वाटले गेले. फिनलंडच्या ३१ पैकी १२ गोलांमध्ये, म्हणजे पाचातल्या जवळपास दोन गोलांमध्ये, एकाच खेळाडूचा हात होता. त्यामुळे हा आकडा मला दोन गोष्टी सांगतो: ती असामान्य होती, आणि संघ तिच्यावर टेकलेला होता. दुसरी गोष्ट स्तुतीपर लेखांत येत नाही. पण तुमच्या प्रबंधाला तीच लागेल, कारण संघ एका माणसावर टेकतो तेव्हा ते माणसाइतकंच व्यवस्थेबद्दलही बोलत असतं.

आणखी एक जोड. त्याच नागानोत पुरुषांच्या हॉकीत पहिल्यांदाच अमेरिकेच्या एनएचएलमधले व्यावसायिक खेळाडू आले. फिनलंडच्या पुरुषांनाही कांस्यच मिळालं. आणि तिथेही गुणांच्या यादीत वर फिनलंडचेच लोक होते: तेमू सेलेने आणि साकू कोइवू, प्रत्येकी १०. एकाच देशाचे दोन संघ, एकच पदक, दोन्ही स्पर्धांत गुणांमध्ये अव्वल फिनिश. इतिहासाने अशी आयती तुलना क्वचित हातात दिलेली असते. सेलेने तेव्हा एनएचएलमध्ये स्थिरावलेला, हॉकीवर जगणारा खेळाडू होता. रीकासमोर तसा कोणताही बाजार नव्हता. तिला पदकानंतर कुठल्या क्लबने कितीला घ्यायचं, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

पुढचं ऑलिंपिक २००२, सॉल्ट लेक सिटी. उपांत्य सामन्यात कॅनडासमोर दोन पिरियड संपले तेव्हा फिनलंड ३-२ ने पुढे होता. तिसऱ्या पिरियडमध्ये कॅनडाने पाच गोल केले. ३-७. मग कांस्याच्या सामन्यात स्वीडनकडून १-२ हार आणि चौथं स्थान. माझ्या मते फिनिश महिला हॉकीच्या इतिहासातली ही वीस मिनिटं नागानोच्या पदकाइतकीच महत्त्वाची आहेत. 'वरच्या दोघी अजिंक्य आहेत' या समजाला दोन पिरियड तडा गेला होता आणि मग दम कमी पडला. दम का कमी पडतो? किती जणी आहेत बेंचवर, किती तास सराव, त्या तासांचे पैसे कोण देतं, नोकरी कधी करायची. पण पदकतालिकेत चौथ्या स्थानाला रकानाच नसतो, त्यामुळे हा सामना संक्षिप्त चरित्रांमधून गळतो.

२००२ नंतर रीका थांबली. वय २८.

इथे मी तुम्हाला एक मराठी शब्द तपासायला सांगणार आहे. 'कारकीर्द'. जुन्या मराठीत आपण तो राजासाठी वापरतो: अमुक छत्रपतींची कारकीर्द, तमुक पेशव्यांची कारकीर्द. गादीवर बसण्यापासून मृत्यूपर्यंत किंवा पदच्युतीपर्यंत. एक सुरुवात, एक शेवट, मध्ये सलग काळ. खेळाडूसाठी तोच शब्द वापरताना ही सलगपणाची अट आपण नकळत उचलून आणतो. राजाने मधली अकरा वर्षं राज्य सोडून दिलं आणि परत येऊन गादीवर बसला, तर बखरकार त्याच्या दोन कारकिर्दी मोजतो. खेळाडूच्या बाबतीत आपण मधल्या वर्षांना 'ब्रेक' म्हणतो आणि पुढे जातो.

रीका परतली २०१३ मध्ये. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या होत्या. एक, २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. त्याआधी २००८ ला तिघी महिला घेतल्या गेल्या होत्या: कॅनडाच्या अँजेला जेम्स आणि जेराल्डिन हीनी, अमेरिकेची कॅमी ग्रॅनॅटो. रीका ही पहिली युरोपीय महिला. हॉल ऑफ फेम म्हणजे काय, तर खात्यावर शेवटची सही. हिशेब पूर्ण झाला, आता वही कपाटात. आणि वही कपाटात गेल्यावर तीन वर्षांनी खातेदार परत आला! पुढे फेब्रुवारी २०१४ मध्ये, सोचीत, चाळीसाव्या वर्षी, ती ऑलिंपिक खेळली.

दुसरी गोष्ट: महिलांच्या हॉकीचं ऑलिंपिकमधलं स्थान डळमळलं होतं. २०१० च्या व्हँकूवर स्पर्धेच्या वेळी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष झाक रोग यांनी जाहीरपणे बजावलं होतं की कॅनडा-अमेरिका आणि बाकीचे यांच्यातली दरी कमी झाली नाही तर हा खेळ असाच चालू ठेवता येणार नाही. त्याच स्पर्धेत फिनलंडने स्वीडनला जादा वेळेत ३-२ हरवून कांस्य घेतलं होतं, निर्णायक गोल कारोलीना रांतामाकीचा. पण २०१२ आणि २०१३ च्या दोन्ही जागतिक स्पर्धांत फिनलंडला पदक नव्हतं. म्हणजे रीका परतली ती शिखरावरच्या संघात नव्हे, थोड्या घसरलेल्या संघात.

आता खरा वाद. अकरा वर्षं बाहेर असलेली, चाळीशीतली, मुलांची आई असलेली बाई राष्ट्रीय संघात परत जागा मिळवते, याचा अर्थ काय? दोन वाचनं शक्य आहेत. पहिलं: विलक्षण कौशल्य, विलक्षण जिद्द. दुसरं: फिनलंडच्या महिला हॉकीत खेळाडूंचा साठाच इतका पातळ की चाळीस वर्षांच्या माणसाला जागा रिकामी सापडते. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर दुसरं वाचन तुम्हाला जास्त 'क्रिटिकल' वाटेल. मलाही ते आकर्षक वाटतं. पण त्याला एक साधी चाचणी लावा. त्याच सोचीत, त्याच देशाच्या पुरुष संघात, तेमू सेलेने ४३ व्या वर्षी खेळत होता. फिनलंडने कांस्य घेतलं आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. त्यावरून फिनलंडच्या पुरुष हॉकीत खेळाडू उरले नाहीत असा निष्कर्ष कुणी काढला का? नाही. त्याला दंतकथा म्हटलं गेलं. म्हणजे तेच वय एका बाजूला थोरवीचा पुरावा आणि दुसऱ्या बाजूला व्यवस्थेच्या अशक्तपणाचा पुरावा. पाणी इथे मुरतंय.

याचा अर्थ साठा पातळ असण्याचा मुद्दा टाकून द्या असा नाही. तो तपासा, पण रीकाच्या वयावरून नको. संघात तिला किती वेळ बर्फावर ठेवलं, कुठल्या फळीत खेळवलं, तिच्या शेजारच्या खेळाडूंची वयं काय होती, त्या लीगमध्ये कुणाला पगार होता, कोण कॉलेज करत होतं, यावरून तपासा. त्याच संघातली गोलकीपर नूरा राटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाकडून खेळून आलेली, आणि सोचीनंतर ती पुरुषांच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, मेस्तिसमध्ये, खेळायला गेली. जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरांपैकी एकीला पुरुषांच्या लीगचा दरवाजा ठोठवावा लागतो, हा माझ्या मते साठ्यापेक्षा बाजाराबद्दलचा पुरावा आहे. खेळाडू होत्या. त्यांना धरून ठेवणारी जागा नव्हती.

आणि हे लक्षात घेतलं की रीकाची २००२ ते २०१३ ही वर्षं वेगळी दिसायला लागतात. तोपर्यंत आपण त्यांना 'निवृत्ती' म्हणत होतो. निवृत्ती हा शब्द नोकरीचा आहे. ज्या कामाला नोकरीचं रूपच नव्हतं, त्यातून निवृत्त होणं म्हणजे नेमकं काय? तिने पेन्शनीचं वय गाठलं नव्हतं, करार संपला नव्हता. आयुष्यात इतर कामं आली. ती कामं घराची असोत की अर्थार्जनाची, त्यांची नोंद हॉकीच्या डेटाबेसमध्ये होत नाही, त्यामुळे तिथे रिकामी ओळ दिसते. रिकामी ओळ डेटाबेसची आहे. आयुष्य चालूच होतं. तुम्ही कालखंड ठरवताना ती ओळ उडवून दिलीत, तर स्त्रीच्या खेळण्याला कोणती परिस्थिती थांबवते आणि कोणती परत आणते, हा प्रश्नच तुमच्या प्रबंधातून उडाला. आणि माझ्या मते या विषयातला तो सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

शेजारी रांतामाकी ठेवा. ती १९९८, २००२, २००६, २०१०, २०१४ अशी पाचही ऑलिंपिक सलग खेळली. नागानोत दोघी एका संघात होत्या, सोचीतही होत्या. एकीची रेषा सलग, दुसरीची तुटलेली. दोघींचा तुलनात्मक अभ्यास केला तर 'सातत्य' हा गुण व्यक्तीचा किती आणि परिस्थितीचा किती, हे निदान विचारता तरी येईल. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये सहसा फक्त एकीची गोष्ट सापडते, कारण पुनरागमन ही चांगली बातमी असते. रोज उठून सरावाला जाणं ही बातमी नसते.

अजून एक बारकी गोष्ट. १९९८ आणि २०१८ यांची तुलना करताना खेळ तोच होता असं धरू नका. १९९० च्या ओटावा स्पर्धेत महिलांना अंगावर जाऊन धडक देण्याची, म्हणजे बॉडीचेकिंगची, परवानगी होती. ती नंतर काढली गेली. नागानो झालं त्यानंतर आंतरराष्ट्रीय हॉकीने दोन रेषा ओलांडणाऱ्या लांब पासवरची बंदी उठवली आणि खेळ एकदम मोकळा, वेगवान झाला. म्हणजे रीका ज्या खेळात १२ गुणांनी चमकली आणि ज्या खेळात चाळिशीत परतली, ते नियमांच्या दृष्टीने काहीसे वेगळे खेळ होते. अकरा वर्षं बाहेर असणाऱ्या माणसाला फक्त दम परत मिळवायचा नसतो, खेळही नव्याने शिकायचा असतो. हे पुनरागमनाच्या लेखांत क्वचित येतं, कारण त्यांना वय पुरतं.

सोचीत फिनलंड पाचवा आला. गोष्ट तिथे संपली असती तर 'एक हौशी प्रयत्न' म्हणून नोंद झाली असती. पण ती खेळत राहिली, आणि २१ फेब्रुवारी २०१८ ला प्योंगचांगमध्ये फिनलंडने रशियाच्या खेळाडूंच्या संघाला ३-२ हरवून कांस्य घेतलं. रीका व्हॅलिला ४४ वर्षांची होती. पहिल्या ऑलिंपिक पदकानंतर बरोबर वीस वर्षं. सोचीतलं पदक घेताना सेलेने ४३ चा होता, म्हणजे या हिशेबात ती त्याच्या एक पाऊल पुढे गेली. त्या संघातली पेत्रा नीमिनेन नागानोच्या वेळी जन्मलीही नव्हती.

तुमच्या टेबलात हे कसं भराल? मी तीन रकाने सुचवतो. एक, खेळाडू कोणत्या वर्षी कुठे खेळली. दोन, त्या वर्षी कोणती संस्था अस्तित्वात होती आणि कुणाला पैसे देत होती. तीन, त्या वर्षीचा कागद तिला कोणत्या नावाने ओळखतो. पहिला रकाना सगळेच भरतात. दुसऱ्यामुळे १९८२, १९९२ आणि २०१० ही सालं तिच्या चरित्रात शिरतात, जरी त्या घटनांत ती स्वतः नसली तरी. तिसरा भरायला कंटाळा येतो, पण तोच शोध वाचवतो. आणि २००३ ते २०१२ या ओळी कोऱ्या सोडू नका. पहिला रकाना रिकामा राहील, दुसरा राहणार नाही: २००६ ला फिनलंड चौथा, २०१० ला तिसरा, रोग यांचा इशारा, हॉल ऑफ फेम.

पुरस्कारांच्या नावांकडेही बघा, तोही कागदच आहे. फिनलंडच्या महिला लीगचे वार्षिक पुरस्कार नीमिनेन, रीपी, पुपुट्टी, रेइमा, इहालाइनेन, लाक्सोनेन, रांतामाकी अशा नावांचे आहेत. ही बहुतेक सगळी नागानोची पिढी. लीगने आपला उगम कुठे मानला ते त्यात दिसतं: १९८२ मध्ये मालिका सुरू करणाऱ्यांत नाही, १९९८ च्या पदकात. १९८० च्या दशकातल्या बायका या यादीत शोधायच्या असतील तर वेगळ्या कपाटात हात घालावा लागेल. मला विचाराल तर फिनिश महिला हॉकीवर पुढचा प्रबंध तिथे आहे, नागानोत नाही.

एप्रिल २०१९ मध्ये जागतिक स्पर्धा फिनलंडमध्येच, एस्पोला झाली. उपांत्य सामन्यात फिनलंडने कॅनडाला ४-२ हरवलं आणि पहिल्यांदा कॅनडा-अमेरिकेखेरीज तिसरा संघ अंतिम सामन्यात आला. अमेरिकेविरुद्ध जादा वेळेत पेत्रा नीमिनेनने गोल केला, खेळाडू बर्फावर एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, आणि पंचांनी गोलकीपरला अडथळा झाला म्हणून तो गोल रद्द केला. शूटआउटमध्ये अमेरिका जिंकली. २००२ मध्ये तिसऱ्या पिरियडमध्ये जे निसटलं होतं ते सतरा वर्षांनी फिनलंडच्या हातात येऊन गेलं. रीका त्या संघात नव्हती. तिच्या चरित्राचा कालखंड तुम्ही २०१८ ला थांबवणार की हा सामना आत घेणार, हे प्रस्तावात लिहायचंय, आणि का तेही.